सिमेंटने बांधलेला घातक कचरा कधी उत्तीर्ण, कधी नापास: कार्बोनेशनचा दोष ओळखणे आणि दूर करणे

सिमेंट मिसळून घट्ट केलेल्या घातक कचऱ्याबाबत एक तक्रार वारंवार येते. २८ दिवस क्युअरिंग केलेल्या ठोकळ्याचा नमुना निक्षालन चाचणीत, म्हणजे द्रवात ठेवून किती धातू सुटतो हे मोजणाऱ्या चाचणीत, सहज उत्तीर्ण होतो. सहा-आठ महिन्यांनी त्याच ठोकळ्याचा दुसरा तुकडा तपासला, की त्यातून सुटणारे आर्सेनिक किंवा क्रोमियम मर्यादेबाहेर गेलेले असते. नेमकी उलटी तक्रारही तितकीच नेहमीची आहे: शिशाचा गाळ बांधलेला ताजा ठोकळा नापास होतो आणि काही महिने उघड्यावर पडून राहिल्यावर, कोणी काहीही न करता, उत्तीर्ण होतो. तिसरा प्रकार सर्वांत जास्त वाद निर्माण करतो, कारण त्यात एकाच घाण्याचे, म्हणजे एकाच वेळी कालवलेल्या मिश्रणाचे, दोन नमुने दोन प्रयोगशाळांत जातात, दोन्हीकडून परस्परविरोधी आकडे येतात आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याच्या उपकरणावर संशय घेतो.

या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावतो, त्याचा कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि ठोकळ्याच्या छिद्रांतील पाण्याचा पीएच, म्हणजेच सामू, खाली येतो. यालाच कार्बोनेशन म्हणतात. कार्बोनेशन चांगले की वाईट, असा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर नाही. कोणता धातू बांधला आहे आणि चाचणी संपली तेव्हा द्रवाचा पीएच किती होता, हे दोन प्रश्न विचारले तर मात्र बहुतेक कोडी तिथेच सुटतात. मिश्रणाचे प्रमाण बदलण्याच्या आधी करायचे काम एवढेच आहे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

शेवटचा पीएच आधी पाहावा

अहवालात धातूंचे आकडे ठळक असतात आणि निक्षालित द्रवाचा अंतिम पीएच कुठेतरी तळाशी, कधी कधी नसतोच. तो नसेल तर प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा, कारण त्याच्याशिवाय धातूच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

आमच्या स्वतःच्या कामात हा धडा महागात पडला. शिसे असलेल्या एका गाळाचे ठोकळे नापास होत होते, म्हणून आम्ही सिमेंट वाढवले. निकाल आणखी बिघडला. पुन्हा वाढवले, पुन्हा बिघडला. त्यानंतर दळलेल्या नमुन्याचा एक भाग चुकून उघड्या ट्रेमध्ये तीन-चार दिवस राहून गेला आणि तेवढाच भाग उत्तीर्ण झाला. तेव्हा कुठे आम्ही अंतिम पीएच काढून बघितले: नापास नमुन्यांचे १२ च्या वर होते आणि उत्तीर्ण नमुन्याचा १० च्या खाली. शिसे हा उभयधर्मी धातू आहे, तो आम्लात विरघळतो तसा तीव्र अल्कलीतही विरघळतो. आम्ही प्रत्येक वेळी जास्त सिमेंट घालून त्याला विरघळायला अधिक अल्कली पुरवत होतो.

टीसीएलपी म्हणून ओळखली जाणारी, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची पद्धत १३११ वापरणाऱ्यांनी या ठिकाणी थोडे गणित करून पाहावे. या चाचणीत ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक केलेला नमुना त्याच्या वजनाच्या २० पट ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात सुमारे १८ तास फिरवला जातो. या चाचणीसाठी ठरवलेल्या दोन द्रावणांपैकी तीव्र द्रावणात प्रति लिटर सुमारे ०.१ मोल आम्ल असते, म्हणजे एक किलो नमुन्याच्या वाट्याला सुमारे २ मोल आम्ल येते. ताज्या, सिमेंट भरपूर असलेल्या ठोकळ्यात मोकळा चुना इतका असतो की हे आम्ल पूर्ण संपून पीएच १२ च्या आसपास टिकून राहतो. तोच ठोकळा कार्बोनेट झाला, की कॅल्शियम कार्बोनेट आम्ल खातो खरा, पण पीएच वर धरून ठेवू शकत नाही, आणि तो ६ च्या आसपास किंवा त्याहून खाली स्थिरावतो. म्हणजे नाव एकच असले तरी प्रत्यक्षात या दोन वेगवेगळ्या चाचण्या झाल्या. साध्या पाण्यातील चाचणीत तोच कार्बोनेट झालेला नमुना ८ ते ९ पीएचवर राहतो, जिथे शिसे सर्वांत कमी विरघळते. म्हणून टीसीएलपीत बिघडलेला आणि पाण्याच्या चाचणीत सुधारलेला, असा एकाच नमुन्याचा निकाल आला तर त्यात विसंगती काहीच नाही.

ठोकळ्याच्या आत काय घडते

शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करण्याचा प्रयोग सर्वांनी केलेला असतो. ठोकळ्यात तोच प्रयोग वर्षानुवर्षे, अतिशय संथपणे चालू असतो. घट्ट झालेल्या पोर्टलंड सिमेंटच्या लगद्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा विरलेला चुना, म्हणजे पोर्टलँडाइट, असतो. तो आहे तोवर छिद्रांतील पाण्याचा पीएच सुमारे १२.५ च्या खाली येऊ शकत नाही, आणि सोडियम-पोटॅशियमच्या अल्कलींमुळे सुरुवातीला तर तो १३ च्याही वर असतो. कार्बन डायऑक्साइड आत शिरल्यावर आधी हा साठा संपतो. मग पाळी येते ती सिमेंटला बळ देणाऱ्या कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटच्या जेलची, ज्याला सगळे सी-एस-एच म्हणतात. त्यातील कॅल्शियम हळूहळू निघून जाते आणि मागे पाणीदार सिलिकाचा जेल उरतो. एट्रिंगाइट, म्हणजे सिमेंट घट्ट होताना बनणारा सल्फेटयुक्त क्षार, आणि त्याच्या जवळचे ॲल्युमिनेट क्षारही टिकत नाहीत, त्यांचे जिप्सम, कॅल्शियम कार्बोनेट आणि ॲल्युमिनाचा जेल असे तुकडे पडतात. सगळे संपल्यावर पीएच ९ च्या खाली, सुमारे ८.३ पर्यंत येतो.

यातील शेवटचे दोन बदल दोष शोधताना महत्त्वाचे आहेत, कारण धातू कुठे लपला होता यावर तो सुटणार की नाही हे ठरते. क्रोमेट, सेलेनेट यांसारखे ऋणभारित आयन एट्रिंगाइटमध्ये आणि त्याच्या भावंडांमध्ये सल्फेटच्या जागी बसतात. घर मोडले की रहिवासी बाहेर पडणारच. कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या राखेत क्लोराइड भरपूर असते आणि ते फ्रीडेल क्षाराच्या रूपात अडकते. कार्बोनेशनमध्ये तोही क्षार मोडतो, म्हणून जुन्या ठोकळ्यातून क्लोराइड आणि सल्फेट अचानक वाढले तर धातूंचा आकडा येण्याच्या आधीच सावध व्हावे.

भौतिक बाजूला चित्र दुहेरी आहे. पोर्टलँडाइटच्या तुलनेत कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेट, सुमारे ११ ते १२ टक्के जास्त जागा व्यापतो, त्यामुळे निव्वळ पोर्टलंड सिमेंटच्या ठोकळ्यात छिद्रे भरून येतात आणि पाणी आत-बाहेर करणे कठीण होते. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतील मळी) किंवा फ्लाय ॲश (कोळशाची उडती राख) भरपूर घातलेल्या मिश्रणात मात्र पोर्टलँडाइट आधीच खर्ची पडलेला असतो, कार्बन डायऑक्साइडचा हल्ला थेट सी-एस-एचवर होतो, आणि मोठी छिद्रे कमी होण्याऐवजी वाढतात. त्यात कार्बोनेशनने होणारे आकुंचन असते, ज्यामुळे पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. पर्यावरणाच्या नावाखाली सिमेंटचा सत्तर-ऐंशी टक्के भाग बदलून टाकण्याची सूचना जेव्हा उघड्यावर राहणाऱ्या ठोकळ्यांसाठी केली जाते, तेव्हा ही गोष्ट कोणी सांगत नाही.

धातूगणिक निकाल

शिसे आणि जस्त यांच्यासाठी मर्यादित कार्बोनेशन सामान्यतः उपकारक असते. दोघांची हायड्रॉक्साइडे साधारण ८ ते १० पीएचच्या पट्ट्यात सर्वांत कमी विरघळतात, शिवाय शिशाचे कार्बोनेट आणि हायड्रॉक्सी-कार्बोनेटही अल्पविद्राव्य आहे. जस्ताच्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. जस्त सिमेंटचे सेटिंग लांबवते, कधी कधी दिवसेंदिवस मिश्रण मऊच राहते, आणि कार्बन डायऑक्साइडच्या संपर्कात जस्ताचे रूप बदलले की हा अडथळा बराच कमी होतो. कॅडमियमचे हायड्रॉक्साइड ११ च्या आसपास सर्वांत स्थिर असते, तरीही पीएच घसरल्यावर त्याचे फारसे बिघडत नाही, कारण कॅडमियमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाच्या जवळचा असून तो कॅल्साइटच्या जाळीत सामावतो आणि त्याचे स्वतःचे कार्बोनेटही कमी विद्राव्य आहे. अर्थात हे सारे पीएच ७ च्या वर राहील तोवरच. त्याखाली कार्बोनेट कोणालाच वाचवत नाही.

आर्सेनिक हे दुसरे टोक आहे. चुना भरपूर घालून आर्सेनिकचे कॅल्शियम आर्सेनेट करायचे आणि मग सिमेंटने बांधायचे, ही पद्धत फार जुनी आहे आणि ताज्या नमुन्यावर उत्तम निकाल देते. परंतु कॅल्शियम आर्सेनेट हवेतील कार्बन डायऑक्साइडपुढे टिकत नाही. कॅल्शियम कार्बोनेटकडे निघून जाते आणि आर्सेनेट पाण्यात मोकळे राहते. २८ दिवसांनी उत्तीर्ण आणि वर्षभराने नापास असा क्रम दिसला आणि धातू आर्सेनिक असेल, तर इतर कारणे शोधण्याआधी हेच गृहीत धरावे. अँटिमनी, सेलेनियम आणि मॉलिब्डेनम यांचा कलही याच दिशेचा आहे.

क्रोमियमबाबत आधी त्याची संयुजा विचारावी. त्रिसंयुजी क्रोमियम ८ ते १० च्या पट्ट्यात जवळजवळ अविद्राव्य असते, त्यामुळे त्याला कार्बोनेशनची भीती नाही. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमेट, कोणत्याच पीएचवर हायड्रॉक्साइड म्हणून बसत नाही. ते एट्रिंगाइटच्या आश्रयाला असते आणि वर सांगितल्याप्रमाणे तो आश्रय कार्बोनेशन मोडते. ‘एकूण क्रोमियम’ एवढाच आकडा देणारा अहवाल या तपासात निरुपयोगी आहे. पारा या चर्चेत आणू नये. त्याला बांधण्याचे काम सल्फाइडचे आहे, चुन्याचे किंवा कार्बोनेटचे नाही.

कार्बोनेशन झाले आहे, याची खात्री

सर्वांत स्वस्त साधन फिनॉल्फ्थॅलीनचे. ठोकळा फोडावा, पाणी वापरून करवतीने कापू नये, कारण पाण्यासोबत चुन्याचा लेप सगळीकडे पसरतो. ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावरची भुकटी झटकून लगेच अल्कोहोलमधील १ टक्का द्रावण फवारावे. गुलाबी राहिलेला भाग अजून अल्कलीयुक्त आहे, रंगहीन राहिलेल्या पट्ट्याची जाडी ही कार्बोनेशनची खोली. निरनिराळ्या बाजूंवर आठ-दहा ठिकाणी मोजावी, कारण कोपऱ्यांवर आणि भेगांच्या कडेने ती नेहमीच जास्त असते.

या साधनावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. हा रंगबदल साधारण ८.२ ते १० पीएचदरम्यान होतो, त्यामुळे ११ पीएचपर्यंत घसरलेला, अर्धवट कार्बोनेट झालेला भागही गुलाबीच दिसतो, आणि आर्सेनिकच्या दृष्टीने धोका तिथेच सुरू झालेला असतो. पावसाच्या पाण्याने चुना धुऊन गेलेला पृष्ठभागही रंगहीन राहतो, पण ते कार्बोनेशन नव्हे. काळ्या किंवा लालसर लोहयुक्त गाळात तर गुलाबी रंग नीट दिसतच नाही.

शंका राहिली तर भारमितीय उष्मा-विश्लेषण करून घ्यावे. नमुना तापवत नेला की साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सियसदरम्यान पोर्टलँडाइटचे पाणी जाते आणि ६०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात कॅल्शियम कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड. दोन्ही ठिकाणच्या वजनातील घटीवरून किती चुना उरला आणि किती कार्बोनेट झाला, हे काढता येते. येथे एक फसगत नेहमी होते. मूळ कचऱ्यातच, विशेषतः चुन्याने धुतलेल्या वायूंच्या राखेत, कार्बोनेट असते आणि सेंद्रिय पदार्थही त्याच पट्ट्यांत वजन घटवतात. म्हणून मिश्रण ज्या दिवशी केले त्याच दिवशीचा एक नमुना पायाभूत तुलनेसाठी जपून ठेवला नसेल, तर वर्षानंतरच्या आलेखावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

चाचणीच्या भांड्याकडेही लक्ष द्यावे. अखंड ठोकळा पाण्यात ठेवून ६३ दिवस चालणाऱ्या, टीसीएलपीच्याच संस्थेच्या पद्धत १३१५ सारख्या टाकी-चाचणीत भांडे सैल झाकलेले असले, तर पाण्यावर पांढुरकी साय येते. ती कॅल्शियम कार्बोनेटची असते, आणि ती दिसली म्हणजे पाण्याचा पीएच हवेने ठरवला, ठोकळ्याने नाही.

वेग कशावर ठरतो

कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे धरून चालले तरी व्यवहारात पुरते. समजा, ४ वर्षांत ४ मिलिमीटर खोली झाली, तर १६ वर्षांत ती ८ आणि १०० वर्षांत २० मिलिमीटर होईल. एक मीटर बाजूच्या अखंड घनात २० मिलिमीटरचा पट्टा म्हणजे सुमारे साडेअकरा टक्के आकारमान. तेच मिश्रण १० मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यांच्या रूपात ठेवले, तर अवघ्या २ मिलिमीटर खोलीला प्रत्येक गोळीचा ७८ टक्के भाग कार्बोनेट झालेला असतो. ठोकळा करायचा की दाणेदार माल, हा निर्णय बहुतेक वेळा वाहतुकीच्या सोयीने घेतला जातो. तो खरे तर याच हिशेबाने घ्यायला हवा.

आर्द्रतेचा प्रभाव विलक्षण आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे पूर्ण भिजलेला ठोकळा जवळजवळ सुरक्षित असतो. आणि अगदी कोरड्या ठोकळ्यात अभिक्रियेसाठी लागणारे पाणीच नसते. ५० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता ही सर्वांत वाईट. छपराखाली, पावसापासून वाचवून, ‘व्यवस्थित’ ठेवलेले ठोकळे नेमके याच अवस्थेत असतात.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे भोवतालची हवा. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो, परंतु जिवंत मातीतील हवेत तो त्याच्या कित्येक पट असू शकतो, आणि कुजणाऱ्या सेंद्रिय कचऱ्याच्या भरावातील वायूत तर ४० ते ५० टक्क्यांपर्यंत. सिमेंटने बांधलेला आर्सेनिकचा कचरा अशा भरावाशेजारी टाकून मोकळ्या हवेचे गणित मांडणे ही ढोबळ चूक आहे.

सिमेंटने बांधलेला गाळ हा बांधकामाच्या काँक्रीटसारखा वागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. काँक्रीटमध्ये पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४ ते ०.६ असते. गाळाने आपल्यासोबत आणलेल्या पाण्यामुळे येथे ते सहज १ च्या वर जाते, लगदा सच्छिद्र होतो, आणि काँक्रीटच्या अनुभवावर काढलेले खोलीचे अंदाज कमी पडतात.

उपाय

सर्वप्रथम नमुन्याची हाताळणी सुधारावी, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात. दळलेली भुकटी अखंड ठोकळ्याच्या मानाने कित्येक पट वेगाने कार्बोनेट होते, म्हणून ठोकळा चाचणीच्या दिवशीच फोडावा, तोवर हवाबंद पिशवीत ठेवावा, आणि भुकटी साठवणे अटळच असेल तर सोडा लाइम ठेवलेल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद झाकणाच्या भांड्यात, ठेवावी. सोडा लाइम आतल्या हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. दोन प्रयोगशाळांना नमुने पाठवताना फोडल्याची तारीख आणि वेळ पिशवीवर लिहावी, आणि दोघींकडून अंतिम पीएच मागवावा. दोन्ही अंतिम पीएचमध्ये एकापेक्षा जास्त अंकाचा फरक असेल, तर धातूंच्या आकड्यांची तुलना करण्यात वेळ घालवू नये.

त्यानंतर निरनिराळ्या पीएचवरील निक्षालन मोजणारी चाचणी एकदा तरी करून घ्यावी. त्याच संस्थेच्या पद्धत १३१३ मध्ये २ ते १३ दरम्यानच्या नऊ पीएचवर, वजनाच्या दहापट द्रवात, धातू किती सुटतो हे मोजतात. ही चाचणी खर्चीक वाटते, पण एकदा वक्र हातात आला की ताजा, अर्धवट कार्बोनेट झालेला आणि पूर्ण कार्बोनेट झालेला ठोकळा त्या वक्रावर कुठे बसेल, हे दिसते आणि एकेका नापास अहवालामागे धावावे लागत नाही. मात्र ही चाचणी ताज्या आणि कृत्रिमरीत्या कार्बोनेट केलेल्या अशा दोन्ही नमुन्यांवर करावी. केवळ आम्ल घालून खाली आणलेला पीएच आणि कार्बोनेशनने खाली आलेला पीएच यांत आकडा सारखा असला तरी आतली खनिजे सारखी नसतात.

कृत्रिम कार्बोनेशन करताना घाई करू नये. शुद्ध कार्बन डायऑक्साइड सोडला की सी-एस-एच अशा थराला मोडते जे नैसर्गिक हवेत त्या क्रमाने घडत नाही. ३ ते ४ टक्क्यांच्या वातावरणात निकाल प्रत्यक्षाच्या जास्त जवळ येतात. अभिक्रियेतून पाणीही बाहेर पडते, ते छिद्रांत साचले की काम थांबते, म्हणून कक्षातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास धरून ठेवावी लागते.

शिसे आणि जस्त ताज्या अवस्थेत नापास होत असतील, तर सिमेंट कमी करणे, फ्लाय ॲश किंवा स्लॅगने त्याचा काही भाग बदलणे, किंवा मिश्रण पसरून नियंत्रित कार्बोनेशन मुद्दाम घडवून आणणे, असे तीन मार्ग आहेत. अखेरच्या मार्गात माल किंचित ओलसर हवा. कोरडा असेल तर अभिक्रिया सुरू होत नाही आणि चिखल असेल तर वायू आत जात नाही. पोर्टलँडाइटच्या प्रत्येक मोलमागे सुमारे ११३ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ढीग मोठा असेल तर तो तापून मधेच कोरडा पडतो. उलथापालथ करत राहावी आणि पाणी शिंपडावे. असा माल टीसीएलपीसारख्या आम्लातील चाचणीला सामोरा जाणार असेल, तर थोडा राखीव चुना शिल्लक राहील इतपतच कार्बोनेशन करावे. त्या चाचणीत शिशाची मर्यादा प्रति लिटर ५ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची १ मिलिग्रॅम आहे, आणि अंतिम पीएच ६ च्या खाली गेल्यावर या आकड्यांत राहणे अवघड जाते. चाचणीसाठी मिश्रण जुळवणे आणि प्रत्यक्ष जागेसाठी ते जुळवणे यांत कधी कधी असा उघड विरोध येतो. माझे मत असे, की आधी प्रत्यक्ष जागेचा विचार करावा आणि चाचणीचे बंधन त्यानंतर पाळण्याचा मार्ग शोधावा, उलट करू नये.

आर्सेनिकसाठी सिमेंट हा एकमेव आधार ठेवू नये. आधी ते ऑक्सिडीकरणाने आर्सेनेट रूपात आणून फेरिक क्षाराबरोबर अवक्षेपित करावे, त्यात लोहाचे मोल-प्रमाण आर्सेनिकच्या किमान तीन ते चार पट ठेवावे, आणि मग तो गाळ सिमेंटने बांधावा. लोहाची पकड अति-अल्कलीत सैल होते, त्यामुळे येथेही सिमेंटचा अतिरेक घातकच. पीएच खाली आल्यावर मात्र ही पकड कॅल्शियम आर्सेनेटसारखी मोडून पडत नाही. षट्संयुजी क्रोमियमला फेरस सल्फेटने क्षपण करून घ्यावे, तेही सिमेंट घालण्यापूर्वी, २ ते ३ पीएचच्या आम्लयुक्त अवस्थेत. सिमेंटबरोबर एकत्र ओतलेले फेरस सल्फेट अल्कलीत हवेनेच ऑक्सिडाइझ होऊन बरेचसे वाया जाते आणि वर सल्फेटचा बोजा तेवढा वाढतो.

आर्सेनिक आणि शिसे एकाच कचऱ्यात असतील तर एकच पीएच दोघांना सोयीचा मिळणे कठीण आहे. अशा वेळी आर्सेनिक लोहाबरोबर बांधून घेतल्यावर उरलेले मिश्रण शिशाच्या सोयीने ९ ते १०.५ दरम्यान बसेल असे आखावे; उलट क्रमाने केलेले प्रयत्न बहुधा पुन्हा पहिल्या तक्रारीपाशी आणून सोडतात.

ठोकळे आधीच रचून झालेले असतील आणि मिश्रण बदलणे शक्य नसेल, तर वातावरण बदलावे. पृष्ठभागाचे क्षेत्र कमी राहील असे ठोकळे एकमेकांना भिडवून रचावेत, भेगा सिमेंटच्या घोटीव मिश्रणाने भराव्यात, आणि माती किंवा चिकणमातीचा ओलसर थर देऊन ठोकळे मधल्या आर्द्रतेत लटकत राहणार नाहीत असे पाहावे. सेंद्रिय कचऱ्याच्या भरावापासून त्यांना वायुरोधक पडद्याने वेगळे करावे. आर्सेनिक किंवा क्रोमेट असलेल्या ठोकळ्यांवर एकदाच केलेल्या चाचणीवर विसंबू नये: प्रत्येक घाण्याचे काही लहान साक्षी-ठोकळे त्याच जागी, त्याच आच्छादनाखाली ठेवावेत आणि १, २, ४ आणि ९ वर्षांनी त्यांतील एकेक फोडून खोली, उरलेला पोर्टलँडाइट आणि पाण्यातील चाचणीचा पीएच मोजावा. वर्गमुळाच्या नियमाप्रमाणे या चार वेळांना खोली १, १.४, २ आणि ३ यांच्या प्रमाणात वाढत गेलेली दिसायला हवी, म्हणजे दुसऱ्या वर्षीचा आकडा पहिल्याच्या सुमारे १.४ पट. तो त्याहून लक्षणीय जास्त आला, तर भेगा पडल्या आहेत किंवा भोवतालचा कार्बन डायऑक्साइड वाढला आहे असे समजून आच्छादन उघडून पाहावे, आणि तो कमी आला तर ठोकळा भिजलेला राहिला आहे का, हे आधी तपासावे.